उजळ स्वराचे मोल : ट्रम्पेटच्या माउथपीसची कथा

१९५१ साली पडद्यावर आलेल्या ‘अलबेला’ या चित्रपटाच्या संगीताला, म्हणजे सी. रामचंद्र यांच्या चालींना, गोमंतकीय ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांची साथ लाभली होती. वाद्यमेळ कितीही मोठा असो, ट्रम्पेटचा उजळ स्वर त्यातून वेगळा ओळखू येतो. ऐकणारा त्याचे श्रेय झळाळत्या पितळेला देतो. वास्तविक त्यातील मोठा वाटा वादकाच्या ओठांना टेकणाऱ्या, बोटभर लांबीच्या माउथपीसचा असतो.

आपल्या शिंग-तुतारीप्रमाणेच ट्रम्पेटमध्येही नाद ओठांच्या कंपनातून जन्मतो. माउथपीसची कड ओठांना आधार देते. आत छोटी वाटी असते, तिच्या तळाशी अरुंद गळा आणि त्यापुढे हळूहळू रुंदावणारी नळी. वाटी उथळ असली की तिच्यातील हवेचे आकारमान घटते, स्वराबरोबर निघणारे वरचे उपस्वर बळावतात आणि नाद उजळ होतो. वाटी खोल असली की तोच नाद गोल व गंभीर होतो. गळा व त्यापुढील नळी अरुंद असल्यासही नादाला धार येते.

अठराव्या शतकातील युरोपात ट्रम्पेटला झडपा नव्हत्या. सारे स्वर केवळ ओठांच्या ताणावर काढावे लागत. १८१८ साली श्टोल्झेल आणि ब्ल्यूमेल यांनी प्रशियात झडपेचे पेटंट घेतले व वाद्याचे रूप पालटले. माउथपीस मात्र पुढेही दीर्घकाळ कारागिराच्या हातावर आणि नजरेवर अवलंबून राहिला. एकासारखा दुसरा मिळेल, याची शाश्वती नसे. हातचा माउथपीस हरवला वा बिघडला, तर वादकाची वर्षांची साधना आणि रोजची भाकरी, दोन्ही धोक्यात येत.

व्हिन्सेंट बाख यांच्यावर हाच प्रसंग ओढवला. १८९० साली व्हिएन्नाजवळच्या बाडेन येथे जन्मलेले बाख शिक्षणाने अभियंते आणि वृत्तीने वादक होते. १९१४ साली ते अमेरिकेत आले व बोस्टन सिम्फनी ऑर्केस्ट्रात वाजवू लागले. पुढे आपल्या माउथपीसमध्ये थोडा बदल करून घेण्यासाठी त्यांनी तो एका दुरुस्तीकाराकडे दिला आणि तो कायमचा बिघडला. तेव्हा १९१८ साली न्यू यॉर्कमध्ये त्यांनी स्वतःच लेथवर माउथपीस घडविण्यास आरंभ केला.

अभियंत्याची शिस्त येथे कामी आली. त्यांच्या पद्धतीत आकडा वाटीचा व्यास सांगतो. आकडा जितका लहान, तितकी वाटी रुंद. अक्षर खोली सांगते : ‘ए’ खोल, ‘सी’ मध्यम, ‘ई’ व ‘एफ’ उथळ. ‘१ सी’ आणि ‘७ सी’ यांच्या व्यासांत एक मिलिमीटरचाही फरक नाही. तरीही ओठांना तो तत्काळ जाणवतो. आता वादकाला हवे ते माप नाव घेऊन मागता येऊ लागले, आणि हरवलेल्याच्या जागी तसाच दुसरा मिळू लागला.

उजळपणाची किंमत मात्र मोजावीच लागते. वाटी फार उथळ असेल, तर ओठ तळाला टेकून कंपन थांबते, खालचे स्वर पातळ होतात आणि सुरांचा मेळ बिघडतो. म्हणूनच उथळ माउथपीसही बनविणाऱ्या बाख यांचा सल्ला वेगळा होता : वादकाने आपल्याला झेपेल तितकी रुंद आणि पुरेशी खोल वाटी निवडावी.

१९६१ साली त्यांनी आपला कारखाना सेल्मर कंपनीला विकला. १९७६ साली त्यांचे निधन झाले. त्यांची मापे आजही प्रचलित आहेत. शाळेच्या बँडमध्ये नव्याने येणाऱ्या मुलाच्या हाती बहुधा ‘७ सी’सारखा मध्यम माउथपीस दिला जातो. त्या वयात दात आणि ओठ अजून घडत असतात, श्वासही दमदार झालेला नसतो. उथळ वाटीने त्याला उजळ स्वर लवकर मिळेल. पण भरदार स्वर घडविण्याचा रियाज मात्र त्याला मागाहून करावाच लागेल.