बंपर-पुनर्रंजन (प्लॅस्टिकचे)

जुन्या मोटारगाडीच्या प्लॅस्टिकच्या बंपरावरील विटलेला रंग पूर्ववत करण्याची कारागिरी. अँबॅसडर व पद्मिनी या गाड्यांचे बंपर क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादाचे असत. त्यांना गंज चढे, परंतु ऊन बाधत नसे. युरोपात १९७२ च्या ‘रेनॉ ५’पासून प्लॅस्टिकचा बंपर रूढ होत गेला. सांप्रत तो बहुधा पॉलिप्रॉपिलीन, ईपीडीएम रबर व शंखजिरे यांच्या मिश्रणाचा असतो. बंपर उतरवून त्याची आतली बाजू पुसली असता ‘पीपी+ईपीडीएम-टी२०’ अशासारखा छाप आढळतो; त्यातील ‘टी२०’ म्हणजे शेकडा २० शंखजिरे. काम हाती घेण्यापूर्वी हा छाप वाचणे अगत्याचे आहे.

विटण्याची कारणे : अतिनील किरणांनी पॉलिप्रॉपिलिनाच्या रेणुशृंखला तुटतात, वरचा थर ठिसूळ होतो, आतले शंखजिरे उघडे पडते आणि काळा बंपर राखट दिसू लागतो; रंगविलेल्या बंपरावर हाच आघात प्रथम क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, होऊन त्याचे पापुद्रे सुटतात. अमरावती व अकोला येथे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, आणि नवतपाच्या कडक उन्हात उघड्यावर उभ्या राहणाऱ्या, एमएच-२७ व एमएच-३० या तेथील नोंदणीच्या गाड्यांना या कारणांची वाण नाही.

खारपाण : वऱ्हाडापुरता हा विषय सर्वांत महत्त्वाचा असून कारागिरांच्या सामान्य माहितीपत्रकांत त्याचा उल्लेख बहुधा नसतो. पूर्णा नदीच्या खोऱ्यात दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या बाजूस पसरलेल्या खारपाणपट्ट्यात भूजल खारट आहे; बोअरच्या अशा पाण्याने धुतलेली गाडी उन्हात वाळली म्हणजे बंपराच्या खरबरीत पोतात क्षार बसतात, आणि जो पांढुरका थर गिऱ्हाईक उडालेला रंग समजते तो पुष्कळदा केवळ क्षारांचा असतो. म्हणून गोड्या पाण्याने व साबणाने दोनदा धुऊन, पूर्ण वाळवून मगच निदान करावे. डाग गेला तर रंगकामाचे प्रयोजन उरत नाही. डाग राहिला आणि रंग देणे ठरले, तरी शेवटचे धुणे गोड्या पाण्याचेच हवे. कारण रंगाखाली राहिलेला क्षार पावसाळ्यात ओल शोषून घेतो व रंगाला बारीक फोड येतात, ज्यांचा ठपका नाहक प्रायमरवर ठेवला जातो.

कृती : रंगविलेला बंपर नुसता निस्तेज झाला असेल तर १५०० व २००० नंबरच्या वॉटर पेपराने हलके घासून कंपाउंड मारणे पुरते, मात्र क्लिअर कोट साधारण ४०-५० मायक्रॉनच जाड असल्याने हात आवरता घ्यावा. पापुद्रे सुटले असल्यास कंपाउंडने काही साधत नाही. ३२०, ४००, ६०० अशा क्रमाने कडा बोटाला लागेनाशा होईतो घासाव्या लागतात. पॉलिप्रॉपिलीन उघडे पडले असेल तेथे साधा प्रायमर धरत नाही. क्लोरिनयुक्त पॉलिओलेफिनाचा, प्लॅस्टिकसाठीचा प्रायमर प्रथम पातळ द्यावा लागतो, आणि तो टाळला की प्रेशरच्या धुलाईत रंगाची सालपटे निघतात. वरच्या रंगात लवचीकपणासाठी निराळे द्रव्य मिसळावे किंवा कसे, याविषयी मतभेद आहेत. मेटॅलिक रंगाची छटा बॉनेटशी तंतोतंत जुळावी असा आग्रह मालक धरतात. परंतु प्लॅस्टिकवरचा रंग पोलादावरच्या रंगापेक्षा पुष्कळ कमी तापमानावर भाजला जातो, व कारखान्यातून आलेल्या नव्या गाडीतही छटेतला फरक क्वचित दिसतो.

न रंगविलेल्या बंपराचा काळा रंग हीट गनने परत आणण्याची युक्ती प्रचलित आहे. तिचा परिणाम काही महिने टिकतो आणि हात थांबला तर पोत वितळून तेथे चकाकता डाग कायमचा राहतो. विक्रीपूर्वी सिलिकोन किंवा जळके ऑइल फासून बंपर काळा करणे हे पुनर्रंजन नव्हे, ती खरेदीदाराची फसवणूक आहे. थिनरने ओला केलेला फडका कोपऱ्यावर फिरवताच ती उघडकीस येते.

ऋतुमान : दिवाळीनंतरचा कोरडा हिवाळा उत्तम. मे महिन्यात थिनर हवेतच उडून रंग खरबरीत बसतो. त्या काळात सावकाश उडणारा थिनर वापरून काम सकाळी उरकतात.

सुरक्षा : रंगात मिसळायच्या हार्डनरमधील आयसोसायनेटाने दमा जडू शकतो; तोंडाला रुमाल बांधणे पुरेसे नाही, बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मुखवटा हवा.

नोंदणी : मूळ रंग कायम असल्यास नोंदणी प्रमाणपत्रात फेरफार करावा लागत नाही.