चिनी विद्यार्थी आणि इंग्रजी ‘हॅव’

इंग्रजीतील ‘हॅव’ हे क्रियापद पहिल्या काही धड्यांतच शिकवले जाते, म्हणून ते सोपे समजले जाते. ‘देअर हॅव अ बुक ऑन द टेबल’ असे वाक्य चिनी विद्यार्थ्याने लिहिले की शिक्षक त्यावर लाल रेघ ओढतात. त्या चुकीमागचा इतिहास मात्र सहसा कोणी पाहत नाही.

चिनी भाषेत ‘यौ’ हे एकच क्रियापद दोन कामे करते. ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ आणि ‘मेजावर पुस्तक आहे’ या दोन्ही वाक्यांत तेच येते. इंग्रजीने मालकी ‘हॅव’कडे दिली आणि अस्तित्व ‘देअर इज’कडे. आम्हा मराठी भाषकांना या वाटणीचे नवल वाटायला हवे, कारण आपणही दोन्ही ठिकाणी ‘आहे’च वापरतो. फरक एवढाच की आपण ‘असण्या’कडून मालकीकडे जातो, तर चिनी माणूस मेजालाच पुस्तकाचे धनी करतो.

1757 ते 1842 या काळात युरोपीय व्यापाऱ्यांचा सागरी व्यापार कँटन या एकाच बंदरापुरता मर्यादित होता. परकीयांना चिनी शिकवण्यास बंदी होती. त्यामुळे सौदे पिजिन इंग्रजीत होत. व्याकरणग्रंथ हाताशी नसलेल्या दुकानदारांनी व दुभाष्यांनी ही भाषा घडवली. तिच्यात ‘हॅब गॉट’ हा प्रयोग मालकीसाठीही चाले आणि अस्तित्वासाठीही. शब्द इंग्रजी, पण त्याचा संसार कँटनी! कँटनी लिपीत तर ‘नाही’चे अक्षर ‘आहे’च्या अक्षरातील आतल्या दोन रेघा काढून बनवले आहे, ‘असणे’ रिकामे केले की ‘नसणे’ उरते.

इंग्रजांनी या भाषेची भरपूर थट्टा केली. चार्ल्स लेलँड या अमेरिकन लेखकाचा पिजिनमधील पद्यांचा विनोदी संग्रह 1876 साली निघाला. परंतु ज्याला ‘मोडके इंग्रजी’ म्हटले गेले, ते आमच्या मते एका भाषेने दुसरीच्या शब्दांवर बसवलेले शिस्तबद्ध व्याकरण होते.

पुस्तकी इंग्रजीची वाट वेगळी होती. रॉबर्ट मॉरिसन यांनी मलाक्का येथील विद्यालयासाठी इंग्रजीचे व्याकरण 1823 साली छापले. तोंग किंग-सिंग यांचा इंग्रजी शिकवणारा ग्रंथ 1862 साली कँटनमध्ये निघाला. त्यात प्रमाण इंग्रजीबरोबर पिजिनचीही नोंद होती. यान फू यांनी 1904 साली चिनी वाचकांसाठी इंग्रजी व्याकरण लिहिले.

या वाटेवर ‘हॅव’चे दुसरे रूप भेटले. ‘आय हॅव ईटन’ येथे मालकी कशाचीही नाही. चिनी क्रियापदे काळानुसार बदलत नाहीत. क्रिया पुरी झाल्याचे ‘ल’सारखा छोटा प्रत्यय सांगतो. नकारात मात्र ‘मेइ यौ’ येते, म्हणजे शब्दशः ‘नाही-आहे’. ‘हॅव नॉट’ची सावलीच ती! प्रमाण मँडरिनमध्ये होकारात ही सावली नाहीशी होते, पण दक्षिणेकडील मिन बोलींत ‘यौ’ होकारातही क्रियापदापूर्वी येते. मराठीत आपण ‘मी जेवलो आहे’ म्हणतो. तेथेही ‘असणे’च कामी येते.

म्हणून ‘देअर हॅव’ या वाक्यावर लाल रेघ ओढताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चूक दुरुस्त करणे शिक्षकाचे कर्तव्यच आहे, पण तिला बुद्धीचे उणेपण समजणे म्हणजे कँटनच्या गोऱ्या व्यापाऱ्याचा दृष्टिकोन जपणे होय. विद्यार्थी आपल्या भाषेचे तर्कशास्त्र बरोबर घेऊन आलेला असतो. ते आधी ओळखले तर दुरुस्तीही अधिक लवकर रुजेल, असे आम्हास वाटते.