गिअरची तार आणि देग्रांजचा आक्षेप

१

दहा-बारा वर्षे वापरलेल्या रोड बाइकचे गिअर बदलण्याची वेळ आली, तेव्हा दुकानदाराने आमच्यापुढे दोन पर्याय ठेवले. पहिला तारेचा. त्यात हँडलवरचा खटका दाबला की नळीतून जाणारी पोलादी तार ओढली जाते आणि साखळी एका चकतीवरून दुसरीवर सरकते. दुसरा विजेचा. त्यात खटक्याच्या जागी बटण असते आणि साखळी सरकवण्याचे काम बॅटरीवर चालणारी इवलीशी मोटर करते. किमतीतला फरक मोठा होता. पण आम्ही थबकलो ते किमतीपाशी नव्हे. शेजारी उभ्या असलेल्या एका अनुभवी सायकलपटूने आपण होऊन सल्ला दिला, की तारेचे घ्या, खरी सायकल तीच. बॅटरी आली की सायकलचे सायकलपण संपले.

‘खरी सायकल’ हा शब्दप्रयोग साहित्याच्या अभ्यासकाला अस्वस्थ करणारा आहे. ‘खरी कविता’, ‘खरे संगीत’, ‘शुद्ध भाषा’ असे शब्द उच्चारले गेले, की ‘खरे’ कोणी ठरवले आणि कधी ठरवले, हे विचारण्याची आपल्याला सवय असते. हाच प्रश्न आम्ही गिअरच्या तारेला विचारून पाहिला. जे हाती लागले ते असे, की आज जिच्या नावाने शुद्धतेची ग्वाही दिली जाते, ती तार एके काळी स्वतःच आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती.

२

साखळी सरकवणाऱ्या यंत्रणेला आपले सायकलपटू ‘डिरेलर’ म्हणतात. शब्द मूळचा फ्रेंच. अर्थ ‘रुळावरून उतरवणारा’. आगगाडीच्या बाबतीत जो अपघात, तेच येथे काम. चांगल्या चाललेल्या साखळीला जागेवरून ढकलून द्यायचे आणि ती पडू न देता शेजारच्या चकतीवर बसवायची, हे या यंत्राचे कर्तव्य. नावातच एक दोषारोप दडलेला आहे, आणि इतिहासात तो आरोप उघडपणेही केला गेला.

फ्रान्समधील सँ-एतिएन या औद्योगिक शहरात पॉल द व्हिव्ही (१८५३–१९३०) हा गृहस्थ राहत असे. मूळचा रेशमाचा व्यापारी, पुढे सायकलींचा. ‘व्हेलोसियो’ या टोपणनावाने तो लिहीत असे आणि सायकलविषयक नियतकालिकही चालवत असे. शहराभोवती डोंगर. सपाटीवर सोयीचा असलेला एकच गिअर चढावर गुडघे मोडतो, हे त्याने अनुभवाने जाणले होते, आणि बहुगिअर सायकलचा पुरस्कार त्याने आयुष्यभर केला. १९०२ साली फ्रान्सच्या पर्यटन-मंडळाने डोंगराळ रस्त्यावर सायकलींची एक चाचणी घेतली. तिच्यात एदुआर फिशेर हा नामांकित स्पर्धक एकाच गिअरच्या सायकलवर होता, तर मार्त एस ही स्त्री तीन गिअरच्या सायकलवर. चढांवर मार्त एस सरस ठरली.

या निकालावर आंरी देग्रांजची जी प्रतिक्रिया सायकलच्या इतिहासग्रंथांत वारंवार उद्धृत होते, तिचा आशय असा, की बदलते गिअर ही पंचेचाळिशी ओलांडलेल्यांची सोय आहे. यंत्राच्या करामतीने जिंकण्यापेक्षा स्नायूंच्या बळावर जिंकणे श्रेष्ठ. आपण मऊ पडत चाललो आहोत. देग्रांज हा काही सामान्य टीकाकार नव्हता. तो वृत्तपत्राचा संपादक होता, आणि पुढच्याच वर्षी, १९०३ साली, त्याच्या वृत्तपत्राने खप वाढवण्यासाठी ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत सुरू केली. म्हणजेच ही शर्यत जन्मापासूनच एक कथन होती. ती रस्त्यावर घडे आणि दुसऱ्या दिवशी छापली जाई. रोलां बार्थने ‘मिथॉलॉजीज’ (१९५७) या पुस्तकात तिची चिकित्सा महाकाव्य म्हणून केली, ती उगाच नव्हे. महाकाव्याला नायक लागतो आणि नायकाला यातना. गिअर यातना कमी करतो, म्हणून तो महाकाव्याला मारक, असे देग्रांजच्या भूमिकेचे साहित्यशास्त्रीय भाषांतर करता येईल.

योगायोग असा, की १९०२ मध्येच आल्फ्रेद जारीची ‘ल स्युर्माल’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यात पाच जणांची सायकल आगगाडीशी दहा हजार मैलांची शर्यत लावते. जारी स्वतः सायकलचा वेडा होता. पण माणूस आणि यंत्र यांच्यातली सीमारेषा त्याने चेष्टेचा विषय केली. देग्रांजने तीच रेषा नियमावलीत कोरली. व्यावसायिक संघांतील स्पर्धकांना डिरेलर वापरण्याची मुभा मिळाली ती थेट १९३७ साली, देग्रांजने सूत्रे खाली ठेवल्यानंतर. त्या वर्षी रोजे लापेबी डिरेलरच्या सायकलवर शर्यत जिंकला. तोवर बहुतेकांच्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंना एकेक चकती असे. घाटाच्या पायथ्याशी उतरायचे, चाक सोडवायचे, उलटे करून बसवायचे आणि पुन्हा निघायचे.

येथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. देग्रांजचा आक्षेप वरकरणी यंत्रावर होता. पण त्याच्या शब्दांत जी माणसे कमी लेखली गेली, ती होती वयस्क माणसे. आणि निमित्त होते एका स्त्रीने मिळवलेल्या यशाचे. शुद्धतेचा आग्रह बहुधा वस्तूविषयी बोलतो आणि माणसांना वगळतो.

३

यापुढचा इतिहास साधारणतः प्रगतीची सरळ रेषा म्हणून सांगितला जातो. आम्हांला तो हातांच्या स्थलांतराचा इतिहास वाटतो.

इटलीतील तुल्लिओ कंपान्योलोविषयी कथा अशी सांगितली जाते, की १९२७ साली क्रोचे द’आउने या खिंडीत बर्फात त्याची बोटे गोठली, मागच्या चाकाचे नट काही सुटेनात, आणि शर्यत हातची गेली. त्यातून एका झटक्यात चाक सोडवणाऱ्या खटक्याची कल्पना त्याला सुचली. कथेत दंतकथेचा अंश किती, हा प्रश्न बाजूला ठेवू. तो खटका पुढे सर्वत्र रूढ झाला, एवढे निश्चित. त्याच्याच ‘कांबिओ कोर्सा’ या यंत्रणेवर जिनो बार्तालीने १९४८ची टूर जिंकली. तिच्यात गिअर बदलण्यासाठी धावत्या सायकलवर हात पाठीमागे नेऊन, मागच्या चाकालगतच्या नळीवरचा एक दांडा फिरवून चाक सैल करावे लागे. मग पेडल उलटे मारत दुसऱ्या दांड्याने साखळी सरकवायची आणि चाक पुन्हा आवळायचे. आज हे वर्णन सर्कशीतले वाटते.

मग तार आली आणि दांडे पुढे, सायकलच्या तिरप्या नळीवर आले. या दांड्यांना टप्पे नव्हते. दांडा किती सरकवायचा हे बोटांनी ठरवायचे आणि साखळीची खरखर थांबली की कानांनी ओळखायचे. १९८४ साली शिमानो या जपानी कंपनीने ‘ड्युरा-एस’ या आपल्या श्रेष्ठ श्रेणीत टप्प्यांची पद्धत रूढ केली. एक ‘टक’ म्हणजे एक गिअर. १९९० मध्ये हेच खटके ब्रेकच्या मुठीत सामावले, आणि गिअरसाठी हँडल सोडण्याची गरजच उरली नाही.

आमच्या मते खरा सांधा १९८४चा आहे. टप्पे नसलेला दांडा सारंगीसारखा. सूर कुठे आहे ते वाजवणाऱ्याने शोधायचे. टप्प्यांचा खटका पेटीसारखा. सूर आधीच ठरलेला, बोटाने फक्त पट्टी दाबायची. पेटीत मींड नाही, श्रुती नाहीत, असा आक्षेप घेऊन ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिच्यावर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत टिकली. मराठी नाट्यसंगीत मात्र त्याआधीपासून पेटीच्या साथीने फुलले होते आणि पुढेही फुलत राहिले. आक्षेप खोटा नव्हता. काहीतरी खरोखरच हरवत होते. पण जे हरवत होते त्याचा हिशेब मांडणे निराळे, आणि उरलेल्याला ‘अशुद्ध’ ठरवणे निराळे. तारेचे गिअर हे ‘हातांचे कसब’ आहे असे जे आज सांगतात, त्यांच्या खटक्यातून ते कसब बॅटरी येण्याच्या कितीतरी आधी निघून गेले होते.

४

विजेचा प्रवेशही वाटतो तितका अलीकडचा नाही. माविक या फ्रेंच कंपनीने १९९२ साली ‘झॅप’ ही यंत्रणा आणली. तिची रचना मोठी बोलकी होती. बॅटरी फक्त इशारा देई. साखळी सरकवण्यासाठी लागणारे बळ डिरेलरमधल्या फिरत्या चाकातून, म्हणजे अखेर स्वाराच्या पायांतूनच, घेतले जाई. पाणी आणि ओल यांनी ती बिघडे, म्हणून ती टिकली नाही. याच कंपनीची १९९९ची बिनतारी यंत्रणाही मागे पडली. २००९च्या सुमारास शिमानोची ‘डीआय-टू’ आली, २०११ मध्ये कंपान्योलोची, आणि २०१५ मध्ये स्रॅम या अमेरिकी कंपनीची पूर्णतः बिनतारी यंत्रणा. या वेळी मात्र वीज स्थिरावली.

तिचे गुण मान्य केले पाहिजेत. तार ताणली जाते, गंजते, खटक्याच्या आत उसवते. विजेला हे रोग नाहीत. एकदा जुळणी केली की ती बराच काळ ढळत नाही. पुढचा डिरेलर आपली जागा आपणच सुधारतो. बॅटरी शेकडो किलोमीटर पुरते. आणि ज्यांच्या बोटांत जोर नाही, ज्यांना संधिवात आहे, त्यांच्यासाठी हलकेच दाबायचे बटण ही चैन नव्हे. १९०२ची उपेक्षा आठवली, की हा मुद्दा दुय्यम ठरवण्याचे धाडस होत नाही.

मग तारेच्या बाजूने काही उरते का? उरते, पण ते शुद्धतेच्या खात्यात नाही.

१९१३च्या टूरमध्ये यूजेन क्रिस्तॉफ आघाडीच्या स्पर्धकांत असताना तुर्माले घाटाच्या उतारावर त्याच्या सायकलचा पुढचा फोर्क मोडला. दुरुस्ती स्पर्धकाने स्वतः, परक्या मदतीविना केली पाहिजे, असा नियम. सायकल खांद्यावर घेऊन तो कित्येक किलोमीटर चालत सँत-मारी-द-काँपाँ या गावी पोहोचला आणि तेथल्या लोहाराच्या भट्टीत त्याने स्वतःच्या हातांनी फोर्क जोडला. भाता एका मुलाने चालवला, म्हणून शर्यतीच्या अधिकाऱ्यांनी त्याला वेळेचा दंडही केला. नियम क्रूर होता आणि दंड हास्यास्पद. परंतु त्या नियमाच्या पोटात एक गृहीत होते, की जी सायकल तुम्ही चालवता, ती तुम्हांला उमजते.

आता दुसरे टोक पाहू. २०२४च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतील दोन विद्यापीठांच्या संशोधकांनी दाखवून दिले, की शिमानोच्या बिनतारी गिअरचे रेडिओसंदेश काही मीटर अंतरावरून टिपून, पुन्हा प्रक्षेपित करून, दुसऱ्याच्या सायकलचे गिअर बदलता येतात. कंपनीने दुरुस्ती केली; म्हणजे यंत्रणेच्या आत असलेली आज्ञावली सुधारून पाठवली. स्वाराने काय करायचे? ती उतरवून घ्यायची. भट्टी नाही, भाता नाही, आणि दंड करण्याचे कारणही नाही. कारण दुरुस्तीत स्वाराचा वाटाच नाही.

येथेही सरसकट विधान करणे चूक ठरेल. आजचे तारेचे खटके उघडून दुरुस्त करणे सोपे नाही. बरेचदा ते बदलावेच लागतात. हँडलच्या पोटातून नेलेली तार बदलणे तर अनुभवी कारागिरालाही घाम फोडते. तरीही तार तुटली तर काय तुटले हे डोळ्यांना दिसते, आणि नवी तार छोट्या गावातही मिळण्याचा संभव असतो. दोष दिसणे ही लहानसहान गोष्ट नव्हे. वाचनाच्या परिभाषेत सांगायचे, तर तारेची यंत्रणा हा मूळ संहितेसह मिळालेला ग्रंथ आहे. विजेची यंत्रणा हा उत्तम, निर्दोष सारांश. सारांशावर काम चालते. पण शंका आली तर उघडून पाहायला मूळ पान हाती नसते.

५

आणखी एक बाब उरते, आणि आमच्या मते तीच सर्वांत गंभीर आहे. २०२१ साली शिमानोने आपल्या सर्वांत वरच्या दोन श्रेणींच्या नव्या आवृत्त्या केवळ विजेच्या काढल्या. बारा गिअरची तारेची यंत्रणा त्या कंपनीने २०२३ मध्ये आणली, ती त्यांच्या खालच्या ‘१०५’ या श्रेणीत. म्हणजे ‘तार की वीज’ ही निवड स्वार करतो असे आपण मानतो. प्रत्यक्षात तिचा बराचसा भाग दुकानात येण्यापूर्वीच झालेला असतो. देग्रांजने नियम करून गिअर नाकारले. आज नियमाची गरज नाही, उत्पादनाची यादीच पुरेशी आहे. देग्रांजशी निदान वाद घालता येत होता, आणि व्हेलोसियोने तो घातला. यादीशी वाद कसा घालावा, हे अजून कोणी शिकवलेले नाही.

आम्ही शेवटी तारेचे गिअर घेतले. दुकानातल्या त्या सायकलपटूला आनंद झाला; मात्र त्याचे कारण आम्हांला मान्य नव्हते. ही सायकल अधिक ‘खरी’ आहे असे आम्हांला वाटत नाही. बार्तालीच्या दृष्टीने ती आळशाची असती आणि देग्रांजच्या दृष्टीने म्हाताऱ्याची. बोटे थकतील तेव्हा बटणाकडे जाण्यात आम्हांला लाज वाटणार नाही. तूर्त, घाटात काही बिघडले तर खाली बसून काय बिघडले ते पाहता यावे, एवढीच आमची अपेक्षा आहे. दुरुस्ती जमेलच असे नाही. भाता चालवायला कोणी आले, तर दंड भरण्याची आमची तयारी आहे.