आयसीच्या अंतरंगाचा वेध : उलट अभियांत्रिकी आणि तिच्या मर्यादा

तयार वस्तू उकलून तिची रचना व कार्यपद्धती जाणून घेण्याच्या प्रक्रियेस उलट अभियांत्रिकी अर्थात रिव्हर्स इंजिनिअरिंग असे म्हणतात. सामान्यतः अभियंता आधी आराखडा तयार करतो व नंतर वस्तू घडवितो. येथे मात्र वस्तू हाती असते आणि तिच्यावरून मूळ आराखड्यापर्यंत पोहोचावयाचे असते. इलेक्ट्रॉनिक्सच्या क्षेत्रात या पद्धतीस विशेष महत्त्व आहे. दुरुस्ती, सुरक्षा-तपासणी, अध्यापन, तसेच उत्पादन बंद झालेल्या सुट्या भागांना पर्याय शोधणे, या सर्व कामांसाठी तिचा उपयोग होतो. परंतु हीच पद्धत नकला तयार करण्यासाठीही वापरली जाऊ शकते. त्यामुळे अभ्यास कोठे संपतो आणि चोरी कोठे सुरू होते, हा प्रश्न अनेक देशांच्या विधिमंडळांपुढे व न्यायालयांपुढे आलेला आहे.

परिपथ-फलकाचे वाचन

या कामाची पहिली पायरी म्हणजे परिपथ-फलक, अर्थात सर्किट बोर्ड. फलकावरील प्रत्येक भागाचा क्रमांक वाचून उत्पादकाने प्रसिद्ध केलेले माहितीपत्रक मिळविले जाते. त्यानंतर मल्टिमीटरच्या साहाय्याने तांब्याच्या कोणत्या दोन टोकांमध्ये जोडणी आहे हे तपासून आकृती पुन्हा रेखाटली जाते. फलक दोनहून अधिक थरांचा असल्यास आतील मार्ग दिसत नाहीत. अशा वेळी क्ष-किरण छायाचित्राचा आधार घ्यावा लागतो अथवा एकेक थर घासून काढावा लागतो. मुंबईतील लॅमिंग्टन रोड, दिल्लीतील नेहरू प्लेस किंवा बंगळूरुमधील एस. पी. रोड येथील कारागीर मूळ आकृती हाती नसताना फलकातील दोष शोधतात, तेव्हा तेही याच विद्येचा अवलंब करीत असतात.

चिपचे थर

खरी कसोटी लागते ती एकात्मिक परिपथाच्या, म्हणजेच आयसीच्या बाबतीत. आयसीचे काळे आवरण तीव्र आम्लाने विरघळविल्यावर सिलिकॉनची चिप उघडी पडते. तिचे धातूचे थर क्रमाक्रमाने काढून प्रत्येक थराची सूक्ष्मदर्शकातून छायाचित्रे घेतली जातात. ही छायाचित्रे जुळवून ट्रान्झिस्टर व त्यांच्यातील जोडण्या ओळखल्या जातात आणि त्यावरून परिपथाची आकृती तयार होते.

१९७५ मध्ये बाजारात आलेल्या ६५०२ या प्रोसेसरमध्ये सुमारे साडेतीन हजार ट्रान्झिस्टर होते. ॲपल-२ या संगणकात हाच प्रोसेसर वापरला गेला होता. त्याची मूळ रेखाचित्रे हाती नसताना केवळ चिपच्या छायाचित्रांवरून काही अभ्यासकांनी संगणकावर त्याची हुबेहूब प्रतिकृती उभी केली व २०१० मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. आजच्या चिपमध्ये मात्र अब्जावधी ट्रान्झिस्टर असतात आणि त्यांचे घटक दृश्य प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षाही पुष्कळ लहान असतात. त्यामुळे त्यांच्या अभ्यासासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक अपरिहार्य ठरतो आणि खर्चही अनेक पटींनी वाढतो.

प्रवासी कार्डाचे प्रकरण

या विद्येचा सार्वजनिक हिताशी असलेला संबंध नेदरलँड्समधील एका प्रकरणाने स्पष्ट केला. तेथील सार्वजनिक वाहतुकीच्या कार्डात एनएक्सपी या कंपनीची मायफेअर क्लासिक ही चिप वापरली होती. लंडनच्या ऑयस्टर कार्डातही तीच चिप होती. तिच्यातील गूढलेखनाचे सूत्र कंपनीने गुप्त ठेवले होते आणि त्याची चावी केवळ ४८ बिटांची होती.

डिसेंबर २००७ मध्ये बर्लिन येथील एका परिषदेत कार्स्टन नोल व हेन्रिक प्लॉट्झ या संशोधकांनी या चिपच्या अभ्यासाचे निष्कर्ष मांडले. कार्डाचे प्लास्टिक ॲसिटोनमध्ये विरघळवून चिप बाहेर काढण्यात आली होती. तिचे थर घासून घेतलेल्या छायाचित्रांत तीच ती तर्कद्वारे पुनःपुन्हा आढळत असल्याने संगणकाच्या साहाय्याने ती ओळखणे शक्य झाले. सूत्राची रचना तर दुर्बल होतीच, शिवाय कार्ड जे यादृच्छिक अंक तयार करीत असे त्यांचाही अंदाज बांधता येत होता.

यानंतर नायमेखेन येथील रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी आपला प्रबंध प्रसिद्ध करण्याचे ठरविले. त्यास मनाई करावी, अशी मागणी एनएक्सपीने न्यायालयाकडे केली. आर्नहेमच्या न्यायालयाने जुलै २००८ मध्ये ती फेटाळली. होणाऱ्या हानीचे मूळ प्रबंधाच्या प्रकाशनात नसून सदोष चिपच्या विक्रीत आहे, असा या निकालाचा आशय होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हा प्रबंध प्रसिद्ध झाला. रचना गुप्त ठेवली म्हणजे ती सुरक्षित होते, हा समज या प्रकरणाने खोटा ठरविला.

नक्कल की अभ्यास?

चिपच्या आराखड्याला स्वतंत्र संरक्षण देणारा कायदा अमेरिकेने १९८४ मध्ये केला. त्यानुसार आराखड्यास दहा वर्षांचे संरक्षण मिळते, परंतु अभ्यास व विश्लेषण यांसाठी सूट आहे. अभ्यासातून मिळालेल्या ज्ञानाच्या आधारे स्वतःचा नवा आराखडा तयार करण्यासही हा कायदा परवानगी देतो.

या सुटीची कसोटी ब्रुकट्री विरुद्ध एएमडी या दाव्यात लागली. वाद संगणकाच्या पडद्यावरील रंगांसाठी लागणाऱ्या चिपचा होता. ब्रुकट्रीच्या चिपमध्ये दहा ट्रान्झिस्टरांची एक स्मृतिपेशी सहा हजारांहून अधिक वेळा योजलेली होती आणि चिपचे सुमारे ८० टक्के क्षेत्र तिने व्यापले होते. आपण दीर्घकाळ परिश्रम केले व मोठा खर्च केला, त्याची कागदपत्रेही आहेत, असा एएमडीचा बचाव होता. तथापि, आधी वेगळी रचना करून पाहिल्यानंतर कंपनी अखेर ब्रुकट्रीच्याच रचनेकडे वळली होती. ज्यूरीने ब्रुकट्रीच्या बाजूने कौल दिला आणि अपील न्यायालयाने १९९२ मध्ये तो कायम ठेवला. केवळ श्रम व खर्च यांच्या पुराव्याने नक्कल निर्दोष ठरत नाही, अंतिम आराखडा स्वतःचा असावा लागतो, हे या निकालाने अधोरेखित केले.

भारतातील स्थिती

जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स करारातील बांधिलकीनुसार भारताने २००० मध्ये अर्धवाहक एकात्मिक परिपथांच्या आराखड्यांविषयीचा अधिनियम संमत केला. नोंदणीकृत आराखड्यास दहा वर्षांचे संरक्षण मिळते. उल्लंघनासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, किंवा ५० हजार ते १० लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षेची तरतूद आहे.

याच अधिनियमाच्या कलम १८ नुसार वैज्ञानिक मूल्यमापन, विश्लेषण, संशोधन अथवा अध्यापन यांसाठी केलेली आराखड्याची प्रतिकृती उल्लंघन मानली जात नाही. अशा विश्लेषणाच्या आधारे कोणी नवा व मौलिक आराखडा निर्माण केल्यास तोही वैध ठरतो. चिपमध्ये साठविलेल्या संगणक-आज्ञावलीस मात्र प्रतिमुद्राधिकार, अर्थात कॉपीराइट कायदा लागू होतो. त्या कायद्यातही, स्वतंत्रपणे तयार केलेली आज्ञावली इतर आज्ञावलींशी जुळवून घेण्यासाठी आवश्यक माहिती अन्यथा सहज उपलब्ध नसेल, तर ती मिळविण्यास मुभा आहे. पेटंटची बाब वेगळी आहे. अभ्यासाने रचना कळली तरी पेटंट असलेली कल्पना उत्पादनात वापरण्यासाठी परवाना घ्यावाच लागतो.

रेल्वे, रुग्णालये व वीज केंद्रे यांतील यंत्रसामग्री अनेक दशके चालते, तर तिच्यातील चिपचे उत्पादन त्याआधीच थांबू शकते. बनावट चिप ओळखण्यासाठी अथवा आयात केलेल्या उपकरणात लपविलेला परिपथ शोधण्यासाठीही आतील रचना वाचता येणे आवश्यक असते. त्यामुळे हे कौशल्य विद्यार्थ्यांना व तंत्रज्ञांना शिकविणे जितके गरजेचे आहे, तितकेच त्यांना कायद्याने आखलेल्या मर्यादेची जाणीव करून देणेही अगत्याचे आहे.