इंडस क्रीडचा ‘इव्हॉल्व्ह’: सतरा वर्षांनी आलेल्या अल्बमकडे कसं पाहिलं गेलं?

‘इव्हॉल्व्ह’ हा मुंबईच्या इंडस क्रीड या रॉक बँडचा २०१२ मध्ये आलेला अल्बम. त्याआधीचा त्यांचा अल्बम १९९५ चा. मधल्या काळात कॅसेट गेली, सीडी येऊन मागे पडली आणि खुद्द बँडही १९९७ मध्ये मोडला होता. त्यामुळे नव्या अल्बमची चर्चा गाण्यांपेक्षा एका प्रश्नाभोवती जास्त झाली: हे लोक जुन्या नावावर परत आलेत, की त्यांच्याकडे सांगण्यासारखं नवं काही आहे?

या प्रश्नामागे मोठा इतिहास होता. १९८४ मध्ये ‘रॉक मशीन’ या नावाने बँड सुरू झाला. त्या काळी आपल्याकडचे बहुतेक बँड परदेशी गाणीच वाजवत. रॉक मशीनने १९८८ मध्ये स्वतःच्या इंग्रजी गाण्यांचा ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ काढला. धोबी तलावच्या रंगभवनात त्यांना ऐकलेली पिढी ‘टॉप ऑफ द रॉक’ आणि ‘प्रिटी चाइल्ड’ विसरली नव्हती. १९९३ मध्ये नाव बदलून इंडस क्रीड झालं.

२०१० मध्ये बँड पुन्हा जुळला. गायक उदय बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि कीबोर्डवरचे झुबिन बालापोरिया हे जुने; बासवर रुशद मिस्त्री आणि ड्रमवर जय राव कवी हे त्यांच्यापेक्षा बरेच तरुण. अल्बममध्ये गाणी फक्त आठ. मिक्सिंग टिम पामर यांचं, म्हणजे पर्ल जॅमचा ‘टेन’ ज्यांनी मिक्स केला तेच.

समीक्षकांना पहिल्यांदा जाणवला तो बदललेला आवाज. ऐंशीच्या दशकातला, हजारोंनी हात उंचावून सोबत गावं असा रॉक इथे जवळपास नाही. गाणी गडद आहेत, थरांवर थर चढवत जातात, प्रोग्रेसिव्ह रॉककडे झुकतात. ‘फायरफ्लाइज’ हे त्याचं चांगलं उदाहरण. ध्वनिमुद्रणाच्या दर्जाचंही कौतुक झालं, आणि ते रास्तच होतं. १९८८ मध्ये या बँडला असा आवाज मिळणं शक्यच नव्हतं.

दुसऱ्या बाजूला, पहिल्याच ऐकण्यात ओठांवर बसेल असं गाणं इथे सापडत नाही. जुन्या श्रोत्याला ते खटकू शकतं. पण ‘टॉप ऑफ द रॉक’ची दुसरी आवृत्ती काढणं बँडला सोपं होतं, कार्यक्रमही त्यावर मिळाले असते. तो रस्ता त्यांनी घेतला नाही. (नावातच ‘उत्क्रांत व्हा’ म्हटल्यावर तो घेणं अवघडच होतं म्हणा.)

तुलना करताना एक फरक लक्षात ठेवावा लागतो. रोलिंग स्टोन्सनी २०२३ मध्ये ‘हॅकनी डायमंड्स’ काढला तेव्हा तो त्यांच्याच साठ वर्षांच्या कामाशी ताडून पाहता आला, कारण ते काम दुकानांत कायम मिळत राहिलं होतं. ‘इव्हॉल्व्ह’ ऐकणाऱ्या विशीतल्या मुलांना तशी सोय नव्हती. त्यांच्यासाठी तो जवळजवळ नव्या बँडचा पहिला अल्बम होता.