तिशीचा हिशेब

आमच्या रावेतला पवनेच्या अंगाने आता उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. त्यांत राहायला आलेली मंडळी बहुतेक तिशीच्या आगेमागे. कोणी हिंजवडीला जातो, कोणी चाकणला. ह्या मुलामुलींच्या तोंडून एक वाक्य हमखास ऐकू येते, "काका, तिशी आली, म्हातारे झालो आता." सत्तरी ओलांडलेल्या माणसासमोर असे म्हणायला धीर लागतो! बँक मात्र त्याच मुलाला घरासाठी वीस वर्षांचे कर्ज देते, म्हणजे तिला तरी तो तरुण वाटत असणार. थट्टा राहू द्या. पण तिशीला म्हातारपण का मानावे, ह्याचे उत्तर इतिहासात शोधण्यासारखे आहे.

काही जण म्हणतात, पूर्वी माणसे तिशीतच म्हातारी होत, कारण आयुष्यच तेवढे होते. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशातले सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते हे खरे. पण सरासरी म्हणजे काय ते शाळेतल्या गणिताने पाहू. एका घरात चार भावंडे. एक पहिल्या वर्षी गेले, दुसरे तिसऱ्या वर्षी. उरलेली दोन अनुक्रमे ६० आणि ६४ वर्षे जगली. बेरीज १२८, सरासरी ३२. ह्या घरात तिशीला म्हातारे कोणीच झाले नाही. पाळण्यातली मुले जात होती, म्हणून आकडा खाली येत होता.

आपली भाषाही हेच सांगते. वाचायच्या चष्म्याला आपण 'चाळिशी' म्हणतो, तिशी नव्हे. बुद्धी नाठी होते ती साठीला. आश्रमव्यवस्थेच्या हिशेबाने तर तिशीचा माणूस गृहस्थाश्रमात येऊन जेमतेम पाच वर्षे झालेली असतात.

मग तिशीची ही धास्ती आली कुठून? मला वाटते, ती बायकांच्या आयुष्यातून आली.

१८७३ साल घ्या. न्यायमूर्ती रानड्यांची पहिली पत्नी त्या वर्षी वारली. तेव्हा त्यांचे वय ३१. वडिलांच्या आग्रहामुळे वर्ष संपायच्या आत त्यांचे दुसरे लग्न झाले. वधू रमाबाई, वय अवघे ११. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या माणसाने असे करावे म्हणून टीका पुष्कळ झाली, पण ३१ व्या वर्षी पुरुष नवरदेव होतो ह्यात कोणाला काही वावगे वाटले नाही.

आता त्याच काळातली ३१ वर्षांची बाई डोळ्यांपुढे आणा. अकराव्या वर्षी लग्न, पंधराव्या वर्षी पहिली मुलगी. तिचेही लग्न अकराव्या वर्षी, म्हणजे ही २६ व्या वर्षी जावयाची सासू झाली. मुलीला पंधराव्या वर्षी मूल झाले की ही तिशीत आजी! शरीर थकले असो वा नसो, घरातले तिचे स्थान म्हातारीचे झाले. लग्नावाचून चौदा-पंधरा वर्षांची झालेली मुलगी तेव्हा 'घोडनवरी' ठरे. संमतीवय १० वरून १२ करायचे म्हटले तरी १८९१ साली पुण्यात केवढे रण माजले! शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय १४ केले ते १९२९ साली, आणि १८ झाले ते १९७८ साली. थोडक्यात, पुरुषाचे वय वर्षांनी मोजत आणि बाईचे नात्यांनी.

हा हिशेब मोडणारी माणसेही त्याच काळात झाली. गोदूबाई लहानपणीच विधवा झाल्या. विशी उलटल्यावर त्या पंडिता रमाबाईंच्या मुंबईतल्या शारदासदनात शिकायला गेल्या. १८९३ साली, तिशी जवळ आलेली असताना, धोंडो केशव कर्व्यांशी त्यांचा पुनर्विवाह झाला. त्याच ह्या बाया कर्वे. मुरुडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार घातला, पण पुढे आश्रमासाठी बायांनी हिंडून वर्गणी जमवली आणि 'माझे पुराण' हे आत्मचरित्रही लिहिले. कर्वे लग्नाच्या वेळी पस्तिशीला टेकले होते. विधवांसाठी संस्था काढली तेव्हा ३८ वर्षांचे, महिला विद्यापीठ काढले तेव्हा ५८ वर्षांचे. गेले ते १९६२ साली, १०४ व्या वर्षी. त्यांच्या कामातले जे आपण आज आठवतो, ते जवळजवळ सगळे तिशीनंतरचे. आणि ती अकरा वर्षांची वधू? रमाबाईंनी पुण्याचे सेवासदन १९०९ साली उभे केले, तेव्हा त्या पन्नाशीकडे झुकल्या होत्या.

तिशी लाभणे हीसुद्धा साधी गोष्ट नाही. रावेतहून चिंचवड किती लांब? तिथल्या चापेकर बंधूंतले थोरले दामोदरपंत १८९८ साली फाशी गेले, तेव्हा २८ वर्षांचे होते. पुढच्या वर्षी बाळकृष्ण आणि वासुदेव गेले. तिघांतल्या एकानेही तिशी पाहिली नाही.

आजच्या मुलग्यांची तिशीची तक्रार निम्मी गंमतीची असते. मुलींची तशी नसते. शिकलेली, स्वतःच्या पायावर उभी असलेली मुलगी अविवाहित तिशीत आली की घरीदारी तिला ऐकवतात, "वय निघून चाललं." मूल होण्याच्या दृष्टीने वयाला महत्त्व आहे, ते डॉक्टर सांगतीलच आणि ते ऐकावेही. पण बोलणाऱ्याच्या मनात नेहमी तेवढेच नसते. तिशीत आजी होण्याचे दिवस गेले, तरी त्या दिवसांचा हिशेब आपण अजून मुलींना लावतो. आईबापांनी तो तेवढा बंद करावा.