वेबर्नमधील एलएसडी उपचार

दारूच्या व्यसनावर एलएसडी आणि मानसोपचार यांची जोड देऊन पाहण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न १९५० च्या दशकात कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात झाला. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ हंफ्री ऑस्मंड १९५१ मध्ये तेथील वेबर्नच्या मनोरुग्णालयात रुजू झाले. प्रांतातील मानसोपचार संशोधनाची धुरा वाहणारे एब्रम हॉफर हे त्यांचे सहकारी.

दारू एकाएकी तुटली की काही व्यसनींना भीषण भास होतात आणि त्या धक्क्याने काहीजण दारू कायमची सोडतात. तोच धक्का औषधाने देता येईल, असा दोघांचा मूळ तर्क होता. घडले वेगळेच. रुग्ण भयापेक्षा स्वतःविषयी नव्याने उमगलेल्या गोष्टी सांगू लागले. पद्धतही मग बदलली: आधी विश्वासाचे नाते, नंतर एकच मोठी मात्रा, शांत खोली, संगीत, दिवसभर सोबतीला डॉक्टर किंवा परिचारिका आणि शेवटी त्या अनुभवावर संवाद. रुग्णाची अवस्था आतून कळावी म्हणून ऑस्मंड आणि हॉफर यांनी हे औषध स्वतःही घेतले होते. ही धडपड आजही मोलाची वाटते.

सुरुवातीच्या या अभ्यासांत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, ही उणीव खरीच. टोरांटोच्या संशोधकांनी पुढे कडक चाचणी घेतली, तीत फायदा दिसला नाही. मात्र तेथे रुग्णांचे डोळे बांधले जात, त्यांना जखडले जाई. उपचाराचा गाभा असलेली सोबतच त्यात नव्हती.

१९६२ च्या अखेरीस कॅनडाने थॅलिडोमाइड या औषधाबरोबरच एलएसडीच्या विक्रीवरही निर्बंध आणले. दशक सरता सरता हे संशोधन थंडावले.